मांगीलालजींचा राजीनामा

त्या वर्षी रविवार उजाडला की आम्ही दुसऱ्यांची स्वयंपाकघरं बघत हिंडायचो. माधव नगरात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. वर मालकीणबाई, खाली आम्ही. नळाला सकाळी पाऊण तास पाणी, आणि मालकीणबाईंची टाकी भरेपर्यंत आमच्या तोटीतून नुसती हवा. फुस्स, फुस्स. त्या आवाजानेच मला जाग यायची. आई कळशी घेऊन उभी, माझा धाकटा भाऊ नंदू झोपेतच बादली धरून, आणि बाबा गालावर दाढीचा साबण वाळवत दर दोन मिनिटांनी विचारणार, "आलं का? आलं का?" आलं की लगेच वरून मालकीणबाई कठडा वाजवून सांगायच्या की बास करा. बाबा बँकेत. सांगलीहून उज्जैनला बदली होऊन आलेले, तीन वर्षांसाठी म्हणून. तिनाची चार झाली, आणि एके दिवशी आईने कळशी दाणकन खाली ठेवली. "आता मी लोकांच्या नळाखाली उभी राहणार नाही. घर घ्या, नाहीतर मला माहेरी पोचवा." आईला माहेरी पोचवणं बाबांना परवडणारं नव्हतं, कारण त्यांना साधा वरणभातसुद्धा लावता येत नव्हता. म्हणून मग मांगीलालजी आमच्याकडे यायला लागले.

मांगीलालजी म्हणजे घरांचे दलाल. फ्रीगंजात एका घड्याळाच्या दुकानात कोपऱ्यात टेबल टाकून बसायचे, तेच त्यांचं ऑफिस. पन्नाशीचे, पांढरा शर्ट-पायजमा, आणि कमरेला लोकांच्या घरांच्या चाव्यांचा हा एवढा जुडगा. ते पुढे मोपेडवर आणि मागून बाबांच्या स्कूटरवर आम्ही चौघं, अशी आमची वरात निघायची. घराच्या दारात पोचलं की ते लगेच कुलूप काढायचे नाहीत. आधी सांगायचे, "भाभीजी, पहले इसकी खराबी सुन लो, मकान बाद में देखना." मग भिंतीला ओल कुठे येते, शेजारी कोण भांडकुदळ आहे, पाणी किती वेळ, सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवायचे आणि मगच चावी फिरवायचे. आईला हे फार आवडायचं. एकदा तिने तिच्या त्या सांगलीच्या हिंदीत विचारलं, "भैया, मोरी किधर है?" मांगीलालजी तिला घेऊन घराच्या मागे गेले आणि त्यांनी मोठ्या अदबीने उघडं गटार दाखवलं. हिंदीत मोरी म्हणजे गटार, हे आईला काय ठाऊक! ती नाकाला पदर लावून म्हणाली, "इथे भांडी घासायची?" आम्ही आठवडाभर हसत होतो, आणि कळल्यावर मांगीलालजीही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

घर बघून झालं की पोहे त्यांच्याकडून. सकाळचे पोहे-जिलबी, ठेल्यावर उभं राहून. आई पहिल्यांदा म्हणाली होती, "पोह्यांवर शेव आणि सोबत जिलबी? शी! हे काय खाणं आहे?" तिसऱ्या रविवारी तीच ठेलेवाल्याला सांगत होती, "भैया, जीरावन और डालो." आज मला शेवेशिवाय पोहे घशाखाली उतरत नाहीत आणि जीरावनाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इकडच्या मसाल्याची, डबी मी पुण्याला जातानासुद्धा पर्समध्ये ठेवते. पुण्याची भाची हसते. माझ्या मराठीलाही हसते ती. मी "चक्कर मारून घेते" म्हटलं की म्हणते, "आत्या, हे कुठलं मराठी?" आमचं मराठी आहे बाई, उज्जैनचं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत माणसाची जीभ बदलते. पण मी सांगते त्या दिवसांत आम्ही नवे होतो. घरात चोख सांगलीचं मराठी आणि उंबऱ्याबाहेर मोडकंतोडकं हिंदी, असा आमचा कारभार चालला होता.

अकरावं घर नानाखेड्याला होतं आणि त्या घराने आम्हाला पार वेडं केलं. मालक सुभेदारकाका. त्यांचे पूर्वज कधीकाळी दरबारच्या चाकरीत इकडे आलेले, सात पिढ्या इथेच. आता मुलगा भोपाळला स्थायिक झाला म्हणून काका-काकू घर विकून तिकडे निघाले होते. स्वतंत्र नळ, स्वतंत्र टाकी, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. आई त्या खिडकीशी जी उभी राहिली ती हलेना. आणि मागच्या बाजूला एक लहानशी खोली, तिच्या खिडकीत पेरूचं झाड. बाबा म्हणाले, "ही शैलाला अभ्यासाला." मी पंधरा वर्षांची होते. तोवर मी अभ्यास केला तो पोळपाटाशेजारी बसून. मी वितीने भिंत मोजली, टेबल कुठे येईल, पलंग कुठे येईल ते ठरवलं, आणि त्या दिवसापासून मनाने मी तिथेच राहायला गेले. माधव नगरात नुसती जेवायला आणि झोपायला असायचे.

अडत होतं पैशाशी. बँकेचं कर्ज, बाबांचा फंड, आईच्या पाटल्या, सगळं धरून घराच्या किमतीपर्यंत आम्ही कसेबसे पोचत होतो, पण वरची दलाली बसत नव्हती. दोन टक्के आमचे, दोन टक्के सुभेदारांचे, असा मांगीलालजींचा दर. बाबांनी चहा पिता पिता घासाघीस सुरू केली. "मांगीलालजी, दो परसेंट बहुत होता है. आप करते क्या हो? दरवाजा ही तो खोलते हो." हे बोलणं मला आत पोळपाटापाशी ऐकू आलं आणि मीसुद्धा चमकले. मांगीलालजींनी तोंडाशी नेलेला कप खाली घेतला. मग म्हणाले, "साहब, अपने साल में तीन-चार सौदे बैठते हैं. उसी में बारह महीने घर चलता है. छह महीने से आपको घुमा रहा हूँ, कभी पेट्रोल का नाम लिया?" आणि कप अर्धा ठेवून उठले. रामराम न करता गेलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी आम्ही बाजारातून परत आलो तर दाराखालून एक चिठ्ठी सरकवलेली. ती मीच उचलली आणि मीच मोठ्याने वाचली. "कुलकर्णी साहब, सुभेदारजी से बात हो गई है. मंगल को आकर राजीनामा दे दूँगा. फिर आप जानो और वो जानें. मांगीलाल." झालं! बाबांनी पिशवी तशीच हातात धरून कपाळावर हात मारला. "घ्या! राजीनामा देतोय गडी." आई हळहळली, "अहो, तुम्ही फार टाकून बोललात त्यांना. दुखावले हो बिचारे." "मी काय वाईट बोललो? आणि मंगळवारी येऊन रीतसर राजीनामा देणार म्हणे, जसा काही रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर!" यावर आम्ही सगळे हसलो. नंदूने तर काकडीचा माइक करून राजीनाम्याचं भाषण केलं. मला आज ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो, पण त्या दिवशी आमच्यात कोणाच्याही मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. दलालाने काम सोडलं, आता आपण आणि मालक. चिठ्ठीत तसंच लिहिलं होतं की!

रविवारी आम्ही आमचे आम्हीच नानाखेड्याला गेलो. सुभेदारकाका गंजी घालून ओसरीवर पेपर वाचत होते. "या, या, बसून घ्या. मांगीलाल नाही आला साथ?" बाबांनी सांगितलं की त्यांनी हे काम सोडलं, आणि पुरावा म्हणून चिठ्ठी पुढे केली. काकांनी चष्मा लावला. एकदा वाचली. पुन्हा वाचली. मग चष्म्यावरून बाबांकडे बघून म्हणाले, "तुम्ही याचा मतलब काय लावला?" बाबा म्हणाले, "मतलब काय लावायचा? राजीनामा म्हणजे राजीनामा." काकांनी चष्मा काढला. चिठ्ठीची नीट घडी घातली, बाबांच्या हातात दिली आणि हसले. "बरोबर आहे. मग ठीकच झालं. आपण आपल्यातले लोक, मधे तिसरा कशाला पाहिजे?" काकूंनी आग्रहाने जेवायला थांबवलं. तुपात बुडवलेले बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, वरण, लसणाची चटणी. "अजून एक घेऊन घ्या, लाजू नका." जेवताना निघालं की त्यांची आणि आमची कुलदेवी एकच. मग काय विचारता! हात धुता धुता काकांनी किंमत उतरवली. त्यांची दलाली वाचली, ती त्यांनी आम्हाला सोडली. आमची तर वाचलीच होती. कसंबसं जमणारं घर आता व्यवस्थित जमत होतं. बुधवारी इसार द्यायचा ठरलं, आणि येताना आई स्कूटरवर मागे बसून रडत होती, आनंदाने.

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीनंतर दोन मुलींची जुंपली. काहीतरी बाकावरच्या जागेवरून. वेण्या ओढून झाल्या, कंपासपेटी फेकून झाली. आमच्या वर्गाच्या बहनजी आल्या आणि ओरडल्या, "बस! बहुत हो गया. अब दोनों राजीनामा कर लो और अपनी जगह बैठो." मला हसू आलं. या कुठल्या नोकरीचा राजीनामा देणार? मी शेजारणीला विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणून मग मी उभी राहून बहनजींनाच विचारलं, राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं ना? सगळा वर्ग हसला. बहनजी म्हणाल्या, "अरे पगली, वो इस्तीफा होता है. दोनों तरफ के लोग राजी हो जाएँ और लिखकर दे दें, वो राजीनामा."

मी खाली बसले ती एकदम बसलेच. दोनों तरफ के लोग राजी. सुभेदारजींशी बोलणं झालंय, मंगळवारी येऊन राजीनामा देतो. म्हणजे ते काम सोडत नव्हते, सौद्याचा कागद घेऊन येणार होते! आणि आम्ही काल जाऊन बाफले खाऊन आलो. पुढच्या दोन तासांत कोणी काय शिकवलं, एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही. पण खरं सांगू? त्या धक्क्यातसुद्धा मला वाटत होतं, बरं झालं, वेळेवर कळलं. अजून इसार दिलेला नाही. बाबांना सांगितलं की बाबा तडक फ्रीगंजला जातील. माझे बाबा म्हणजे बँकेच्या पेनने घरची वाण्याची यादी न लिहिणारा माणूस.

बाबा चहाबरोबर चिवडा खात होते. मी दप्तर न काढता सगळं सांगितलं. त्यांचा घास हातात राहिला. आई स्वयंपाकघरातून ओले हात तसेच घेऊन बाहेर आली. "अगंबाई! म्हणजे त्यांनी सोडलंच नाही?" मी म्हटलं, "नाही ना! आणि सुभेदारकाकांना माहीत होतं. सात पिढ्या इथे राहतात ते, त्यांना या शब्दाचा अर्थ कळत नाही असं होईल का?" बाबा बराच वेळ चिवड्यातले दाणे बाजूला काढत बसले. मग म्हणाले, "सुभेदारांना माहीत होतं आणि ते बोलले नाहीत, तर मी कशाला बोलू?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. आई म्हणाली, "अहो, काहीतरीच काय? आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्यांना." बाबा शांतपणे म्हणाले, "जातो की. पण मग दलाली द्यायची आपण. सुभेदारांची सूट गेली ती वेगळीच. तेवढे कुठून आणू ते सांग. घर सोडायची तयारी आहे तुझी? आहे का?" आई पदराला हात पुसत उभी राहिली नुसती. बाबा म्हणाले, "मी मराठी माणूस. मला जो अर्थ कळला, तो कळला. उद्या आले की मी बघतो." आणि त्यांनी चिवडा संपवला. मी आजही कोणाला सांगितलं तर लोक म्हणतात, एवढं काय त्यात, सगळे असंच करतात, आता तर मोबाइलवर फोटो बघून लोक दलालाला टांग मारून थेट मालकाकडे जातात. करत असतील. माझे बाबा करतील असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला ते ओळखूच येत नव्हते.

मंगळवारी मांगीलालजी आले ते हातात पेढ्यांचा पुडा आणि काखेत स्टॅम्पपेपरचा लिफाफा घेऊन. दारातूनच हात जोडले. "साहब, उस दिन मैं गरम हो गया था, माफ करना. लो, पहले मुँह मीठा करो. दोनों राजी, तो ये रहा राजीनामा." आई आत गेली, ती बाहेर येईना. बाबा उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मांगीलालजी, हमारा सौदा हो गया. सीधा. परवा, इतवार को." मांगीलालजी हसले. त्यांना गंमत वाटली. पुडा उघडून त्यांनी पेढा पुढे केला, तो तसाच हातात धरून ते बाबांकडे बघत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावरचं हसू नाहीसं झालं. तोंड एकदम राखाडी पडलं. माणसाचं असं होतं हे मी तोवर ऐकलं होतं, बघितलं नव्हतं.

"सीधा? साहब, दरवाजा किसने दिखाया?" दार ज्याने दाखवलं दलाली त्याची, मग बोलणी कोणी का करेना, असा त्यांच्या धंद्यात कायदाच असतो. बाबांनी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "आपने ही लिखा है. राजीनामा. हमारे यहाँ इसका मतलब होता है काम छोड़ना. हमें लगा आपने छोड़ दिया." मांगीलालजींनी स्वतःचंच अक्षर पुन्हा वाचलं, ओठ हलवत. "साहब, चार साल हो गए आपको उज्जैन में. बैंक में बैठते हो. आपको नहीं मालूम?" "मुझे कैसे मालूम होगा? हम मराठी लोग." मी दारात उभी होते, दप्तर पोटाशी धरून. मांगीलालजींची नजर माझ्यावर पडली आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला, जसं काही ओळखीचं माणूस भेटलं.

"बिटिया, तू तो यहीं के स्कूल में पढ़ती है. तू बता दे. राजीनामा किसको कहते हैं? तू बोल दे बस, फिर मैं साहब से बात कर लूँगा."

आत स्टो भरभर चालला होता. त्यावर काय होतं कोण जाणे, करपल्याचा वास यायला लागला होता, पण आई त्याच्याकडे बघत नसावी. मला बाबा दिसत नव्हते, आई दिसत नव्हती. मला पेरूच्या झाडाची खिडकी दिसत होती, आणि तिच्याखाली माझं टेबल.

"मालूम नहीं, चाचाजी."

"नहीं मालूम?"

"नहीं."

"अच्छा," ते म्हणाले. मोठ्याने नाही, रागाने नाही. हातातला पेढा त्यांनी परत पुड्यात ठेवला आणि पुडा टेबलावर तसाच राहू दिला. स्टॅम्पपेपरची उभी घडी घातली, मग आडवी, मग आणखी एक, आणि तो जाड झालेला कागद वरच्या खिशात कोंबला. चपला घालताना डावी उजव्या पायात गेली, ती काढून पुन्हा घातली. बाहेर मोपेड लवकर चालू होईना. ते किक मारत होते आणि आम्ही तिघं होतो तिथूनच ऐकत राहिलो. कोणी बाहेर गेलं नाही. शेवटी ती चालू झाली, आणि गल्लीच्या टोकापर्यंत तिचा आवाज येत राहिला.

त्यानंतर आई बाहेर आली. पेढ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाबांना म्हणाली, "अहो, हिला तरी यात ओढायचं नव्हतं."

"मी कुठे ओढलं?" बाबा म्हणाले. "मी तिला एका शब्दाने काही सांगितलं का? विचार तिला."

आईने मला विचारलं नाही. पण विचारलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं, की बाबा बरोबर बोलतायत. मला कोणी पढवलं नव्हतं, कोणी डोळा मारला नव्हता, आदल्या रात्री कोणी जवळ बसवून समजावलं नव्हतं. त्या माणसाने घरात एका माणसावर विश्वास टाकला, आणि त्याला "मालूम नहीं" म्हणताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.